मुम्मोचा हिरवा दिवा

अटिकोकन, ९ जानेवारी

काइसा,

फोनवर तू मला अडवलंस, मेलवर अडवलंस, तुझ्या बहिणीच्या फोनवरून केला तर तोही अडवलास. पोस्टमनला अडवता येत नाही, म्हणून हा कागद. फाडायचा तर फाड, पण वाचून फाड.

बातमी अशी की आपला ‘दिवा’ मी इथे चालू केला. मामाच्या टायरच्या दुकानात, मागच्या खोलीत, माझ्या त्याच जुन्या लॅपटॉपवर. तुमचा ग्रेडन ज्यासाठी दोन महिने प्राध्यापकांपुढे तोंड वेंगाडत होता, ते मी एका रविवारी केलं. लॅपटॉपच्या पोटात दुसरा, खोटा संगणक बसवला. व्हर्च्युअल मशीन. आणि त्याच्या पोटात आपलं सगळं ॲप्लिकेशन. ग्रेडनने लिहिलेल्या सूचना माझ्याकडे होत्या. वाचून हसू आलं. ‘आता प्रोग्राम चालू करा’ म्हणतो. कशावर, कशाच्या जोरावर, ते नाहीच. पिठाचं नाव न घेता पॅनकेक उलटायला सांगतो गडी. आणि अशा माणसाला तुम्ही प्रकल्पाचा प्रमुख केलंत.

पहाटे दोनपासून पडद्यावर नुसती लाल अक्षरं येत होती. हे सापडत नाही, ते जुळत नाही. शेवटी उजाडायच्या आधी डोकं फिरलं आणि मी कॉलेजातला माझा जुना फोल्डर जसाच्या तसा आत ओतला, सेटिंगच्या फाइलसकट. आणि काय सांगू, पडदा उघडला! सगळी म्हातारी मंडळी रांगेत उभी, प्रत्येकाच्या नावापुढे करडा दिवा. दोन-तीन नावं माझ्या ओळखीची नव्हती. चाचणीसाठी तू मागाहून घातली असशील. एका फटक्यात चालू झालं म्हणून मी इतका खूश झालो की मामाच्या कुत्र्याला मिठी मारली.

ही कल्पना कुणाची होती, आठवतं ना? की तेही ग्रेडनच्या नावावर चढलं? लाप्पे रस्त्यावर तुझ्या आजीच्या, मुम्मोच्या, सौनाबाहेर आपण वाफेने अंग शेकून वाफाळत बसलो होतो. मुम्मो म्हणाली, “मी मेले तर बर्फ वितळेपर्यंत कुणाला कळायचं नाही.” तू रडायला लागलीस आणि मी म्हणालो, रोज सकाळी नऊच्या आत एक बटण दाबायचं, नावापुढचा दिवा हिरवा होईल; नाही झाला तर आम्ही फोन करू, फोन नाही उचललास तर गाडी काढून येऊ. पहिला दिवा तिनेच लावला. तिच्या स्वयंपाकघरातल्या टॅब्लेटवर पिठाचं बोट उमटलं होतं. आता आख्ख्या पंचक्रोशीतल्या एकट्या म्हाताऱ्यांच्या घरी तो चालतो आणि खाली नाव ग्रेडनचं.

एक गोष्ट तुलाही ठाऊक नाही. चाचणीसाठी मी त्यात एक चोरबटण ठेवलं होतं. नावाच्या कोपऱ्यात दाबलं की दिवा लागतो आणि कुणी लावला याची खूण राहत नाही. म्हातारीने स्वतः लावला असंच दिसतं. रोज सकाळी दुकान उघडायच्या आधी मी कॉफी घेऊन बसतो आणि मुम्मोच्या नावाचा, ‘आइली’चा, दिवा लावतो. मग लॅपटॉप मिटतो आणि टायर बदलायला जातो. माझ्या या खोट्या संगणकात तुझी आजी रोज सुखरूप आहे. तू नाहीस तर तुझी मुम्मो तरी.

उत्तर दे. नाही दिलंस तर मी काय करेन, मलाच सांगता येत नाही.

ओट्टो


अटिकोकन, २५ जानेवारी

काइसा,

उत्तर नाही. छान. शिकलेल्या माणसांना कॉलेज सोडलेल्यांशी बोलायला फुरसत नसते.

तीन महिने उरले होते पदवीला, आई रोज फोनवर तेच ऐकवते. “एक खुर्ची, ओट्टो. एका खुर्चीपायी आयुष्य?” तिला कुठे माहीत आहे! प्राध्यापकांनी सगळ्यांसमोर प्रमुख म्हणून ग्रेडनचं नाव घेतलं तेव्हा मी खुर्ची फेकली, खिडकी फुटली, हे सगळ्यांना माहीत आहे. पण तू काय केलंस? तू वाकून काचा गोळा करायला लागलीस. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाहीस. ग्रेडन म्हणाला, “काइसा, हात कापेल,” आणि तू त्याच्याकडे पाहून हसलीस. माझं कॉलेज त्या हसण्याने सुटलं, खुर्चीने नाही.

तुला वाटत असेल मी इथे कुढत बसलोय. मजेत आहे. मामाचं तोंड दिवसभर चालू असतं. काल गिऱ्हाइकासमोर म्हणाला, “काय इंजिनियर, त्या पेटीत पोरगी दिसते का अजून?”

“तिची आजी दिसते.”

“मग आजीलाच मागणी घाल. सौना आहे, लाकूडफाटा आहे, नाही कशाला म्हणेल?”

गिऱ्हाईक एवढं हसलं की त्याची टोपी पडली. मीही हसलो. मग मागे जाऊन रिमच्या ढिगाला लाथ घातली आणि अंगठा सुजवून घेतला.

परवा दुपारी सहज लॅपटॉप उघडला तर यादीतले कितीतरी दिवे आपोआप हिरवे झालेले. मी एकट्या मुम्मोचा लावला होता. ग्रेडनने चाचणीसाठी काहीतरी आपोआप चालणारं घुसवलेलं दिसतंय. त्याच्या हातचं काहीही धड नसतं. तुमचं हे सोंग एक दिवस सगळ्या गावासमोर तोंडावर आपटावं, आणि ते पाहायला मी पहिल्या रांगेत असावं, एवढीच माझी इच्छा आहे. तेव्हा तू काचा गोळा करत बस.

मुम्मोचा दिवा मात्र मी चुकवलेला नाही. एक दिवससुद्धा नाही.

ओट्टो


अटिकोकन, १६ फेब्रुवारी

प्रिय काइसा,

तुझं पत्र येऊन चार दिवस झाले. तुझं अक्षर पाकिटावर पाहून मी मामाला दुकानात तसाच सोडून बर्फात पळत सुटलो होतो. त्याच दिवशी उत्तर लिहायला बसलो, दोन पानं झालीही होती, ती फाडली. का, ते विचारू नकोस.

माझी आधीची दोन पत्रं न उघडता शेगडीत घातलीस, असं तू लिहिलंयस. बरं केलंस. त्यांत नुसत्या शिव्या होत्या.

मुम्मोचं तू जे लिहिलंयस ते मी पुन्हा पुन्हा वाचलं. ती गेला महिनाभर सांगत होती, “यंत्र आधीच हिरवं असतं गं, मी हात लावायच्या आधीच,” आणि तू म्हणालीस, “मुम्मो, तूच दाबलंस आणि विसरलीस.” मग ती तुझ्यावर ओरडली. आयुष्यात पहिल्यांदा. ग्रेडनने नोंदी पाहिल्या तर रोज उजाडायच्या आधी दिवा लागलेला. म्हणजे म्हातारी अंधारात उठते, घरभर फिरते, परत जाऊन झोपते आणि सकाळी तिला त्यातलं काही आठवत नाही, असं तुझ्या बाबांनी ठरवलं. आणि घरात लाकडाची शेगडी.

आणि ते हातमोज्यांचं. तिला स्वतःची परीक्षा घ्यायची होती, म्हणून रात्री झोपतानाच तिने लोकरीचे जाड हातमोजे घातले, मनगटाशी दोरीने बांधून घेतले, गाठ दातांनी आवळली. लोकरीतून टॅब्लेटला बोट कळत नाही हे तिला माहीत होतं. तुला आदल्या दिवशीच सांगून ठेवलं होतं, “उद्या मी दाबणार नाही. बघू कोण येतंय मला शोधायला.” सकाळी स्वयंपाकघरात आली तर दिवा हिरवा. हातमोजे हातात, दोरी तशीच. तुला फोन करून ती एवढंच म्हणाली, “काइसा, मग मी ते सोडले असणार आणि पुन्हा बांधले असणार, नाही का?” आणि तू हो म्हणालीस.

तू मला एकच विचारलंयस. माझ्या जुन्या प्रोग्रॅममध्ये दिवा कुणी न लावता लागू शकतो का? ‘प्रेमाबद्दल एक अक्षर लिहू नकोस, फक्त याचं उत्तर दे. पुढच्या आठवड्यात डॉक्टर कागदावर लिहून देणार आहेत.’

उत्तर: नाही. दिवा आपोआप लागत नाही. मी लिहिलेली ओळ न् ओळ मला पाठ आहे. ग्रेडन या बाबतीत बरोबर आहे. हे वाक्य लिहिताना माझा हात झडत कसा नाही, पण तो बरोबर आहे. कुणीतरी लावल्याशिवाय दिवा लागत नाही, आणि त्या घरात ती एकटी आहे.

तुला हे ऐकायला जड जाईल. पण तू मला विचारलंस, ग्रेडनचं ऐकून गप्प बसली नाहीस, हे मी विसरणार नाही.

तुझा
ओट्टो


अटिकोकन, ६ मार्च

प्रिय काइसा,

रविवारी तू फोनवर हसलीस. मी मामाच्या कुत्र्याची नक्कल केली तेव्हा. तुझ्या लक्षातही आलं नसेल, मी मात्र दिवसभर त्याच्यावर जगलो. मामा म्हणाला, “आज इंजिनियर टायर न फुगवताच फुगलाय.”

तू विचारत होतीस, गेले दोन-तीन आठवडे मुम्मो इतकी ठीक कशी? दिवा करडा असतो, ती आठ वाजता कॉफी पिते, स्वतः दाबते, सगळं तिला आठवतं. डॉक्टर म्हणाले ते खरंच असणार. हा आजार असाच येतो-जातो, चार दिवस बरे, मग पुन्हा. तू त्यावर भुलू नकोस. आता माघार घेतलीस तर पुढच्या वेळी शेगडी पेटती राहील. आणि तिला पुन्हा स्वतःच्या परीक्षा घेऊ देऊ नकोस, उगाच जिवाला त्रास. ते हातमोजे काढून घे तिच्याकडून.

वृद्धाश्रमाच्या कागदावर तिने स्वतःच सही केली, हे फार बरं झालं. “पोरांनो, मला ठाऊकच नसेल तर मी काय काय करत असेन!” असं म्हणाली, तू सांगितलंस. बघ, तिला पटलंय. आता घराच्या दारात विक्रीची पाटी लागली म्हणून तू का रडतेस? सौना दुसरीकडेही असतात. तिथे तिला गरम खोली आहे, चोवीस तास माणसं आहेत, दाराला कुलूप आहे, भटकण्याची भीती नाही. तू स्वतःला दोष देऊ नकोस. दोष तुझा नाही, हे मी छातीवर हात ठेवून सांगतो.

ग्रेडनला मी फोन केलेला आवडत नाही म्हणतेस. मग? त्याला मुम्मोने कधी पॅनकेक करून घातले होते का? सामान हलवायच्या दिवशी तो येणार नाही, परीक्षेचं कारण सांगतो, यात मला काही नवल वाटत नाही. मी असतो तर तिचं कपाट पाठीवर वाहिलं असतं.

तू म्हणालीस ना, ती माझी आठवण काढते? बर्फ ओसरला की मी येतो. तू मला तिच्याकडे घेऊन चल.

तुझाच
ओट्टो


अटिकोकन, २१ एप्रिल

काइसा,

काल बसस्टँडवर तू माझ्या गळ्यात हात टाकलेस आणि म्हणालीस, “सगळे तिच्याशी लहान मुलासारखं बोलतात. तू एकटा खरं बोलतोस.” बस सुटेपर्यंत तू काचेला हात लावून उभी होतीस. गेल्या सप्टेंबरपासून मी हेच मागत होतो. मिळालं. आता हे पत्र वाच, आणि ते परत घे.

मुम्मोची आठवण शाबूत होती. दिवा मी लावत होतो.

माझ्या लॅपटॉपमधल्या खोट्या संगणकात मी सगळं ॲप्लिकेशन बसवलं, पण सेटिंगच्या फाइलमध्ये डेटाबेसचा, म्हणजे दिव्यांच्या नोंदी जिथे साठतात त्या जागेचा, पत्ता बदलला नाही. तिथे माझ्या मशीनचा पत्ता टाकायचा असतो. पहिल्या वर्षाच्या पोरालाही कळतं ते. मी जुनी फाइल तशीच ओतली होती, आणि तिच्यात तुमच्या खऱ्याखुऱ्या डेटाबेसचा पत्ता होता, पासवर्डसकट. मी गेल्यावर तो ग्रेडनने बदलला नव्हता. म्हणजे यंत्र माझं खोटं, पण दिवे खरे. मी खेळ म्हणून मुम्मोचा दिवा लावायचो आणि तो लाप्पे रस्त्यावर तिच्या स्वयंपाकघरात लागायचा. मी ओळखत नव्हतो ती नावं खऱ्या माणसांची होती. दुपारी आपोआप लागलेले दिवे खऱ्या बोटांनी लागले होते. सगळं डोळ्यांसमोर होतं. मी ग्रेडनला हसत होतो.

तुझं पहिलं पत्र वाचताना, हातमोज्यांपाशी, मला कळलं. लॅपटॉप उघडून फाइल पाहिली. एक ओळ. मग चार दिवस विचार केला, आणि तुला लिहिलं की दिवा आपोआप लागत नाही. तेवढं एक वाक्य खरं होतं, म्हणून ते निवडलं. खरं सांगितलं असतं तर तू परत शेगडीत घातलं असतंस मला. आणि तू तर नुकतंच ‘प्रिय’ न लिहिता का होईना, पण माझं नाव तुझ्या हाताने लिहिलं होतंस.

त्याच दिवशी मी ते मशीन पुसून टाकलं, फाइल, फोल्डर, सगळं. दिवा लावणं बंद केलं. म्हणून ती ‘ठीक’ झाली. तेव्हाही सांगता आलं असतं. मी तुला तिचे हातमोजे काढून घ्यायला सांगितले.

आता काही उरलेलं नाही. चोरबटणाची खूण राहत नाही, ते मीच तसं केलं होतं. तुमचा प्रोग्रॅम ग्रेडनने नव्याने लिहिलाय, त्यात ते बटणही नाही. माझ्याजवळ पुरावा म्हणून फक्त माझं तोंड आहे, आणि ते कसं आहे हे तुला माहीत आहे.

काल वृद्धाश्रमात तू गाडी आणायला बाहेर गेलीस तेव्हा मी तिला सांगितलं. मला वाटलं, आधी तिला. खिडकीपाशी बसली होती, केस कुणीतरी भलतीकडेच विंचरलेले. मी तिच्या खुर्चीपाशी गुडघ्यांवर बसलो आणि सगळं सांगितलं. टायरचं दुकान, लॅपटॉप, रोजची कॉफी. “मुम्मो, तू एकदाही अंधारात उठली नाहीस. हातमोजे तू सोडले नव्हतेस. मी होतो तो.”

तिने माझ्या डोक्यावर हात ठेवला. म्हणाली, “आमच्या काइसासाठी तू काहीही बोलशील, पोरा. पहिल्यापासून असाच आहेस.”

“काइसासाठी नाही. खरं आहे हे. मी लावत होतो दिवा.”

“तू? अटिकोकनमधून? माझ्या स्वयंपाकघरातला?” ती हसली. “माझ्यापेक्षा तूच जास्त भ्रमलास की रे. ग्रेडनने कागद दाखवला होता मला. रोजची वेळ लिहिलेली. मीच लावत होते. तेव्हा भांडले मी काइसाशी, उगाच. आता नाही भांडत. आता मी विचारून करते सगळं.”

मी तिचे दोन्ही हात धरले आणि ओरडलो. हो, ओरडलो, आतून तुला ऐकू आलं असेल तर ते मीच होतो. “मुम्मो, ऐक! तुझं डोकं माझ्यापेक्षा धड आहे!”

ती घाबरली. हात सोडवून घेतला. समोर टेबलावर तिची कॉफी होती, मघाशी तू स्वतः ओतून गेलेली, काठोकाठ. तिने कपाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि मला विचारलं, “मी कॉफी घेतली का रे?”

“नाही मुम्मो. घेतली नाहीस अजून. बघ, कप भरलेला आहे.”

तिने मग माझ्या खांद्यावरून पलीकडे मान काढून, ट्रॉली ढकलत निघालेल्या बाईला विचारलं, “पोरी, मी कॉफी घेतली का गं?”

ती बाई न थांबता, न बघता म्हणाली, “हो हो, आइली, घेतलीत तुम्ही.”

“घेतली,” मुम्मो मला म्हणाली, आणि भरलेला कप तिने हळूच, सांडणार नाही असा, टेबलाच्या पलीकडच्या टोकाला सरकवून ठेवला.

ओट्टो